एका संगणकाला दोन-तीन मॉनिटर लावले तर काम खरंच लवकर उरकतं का?

वैदेही_सुदामानगर

नमस्कार मंडळी,

मी इंदुरात घरूनच जीएसटी आणि आयकर विवरणपत्रांचं काम करते. पुढच्या खोलीत ४ फुटी टेबल, त्यावर १५ इंची लॅपटॉप आणि शेजारी बिलांच्या फायली. महिन्याच्या १४ तारखेला जीएसटीच्या पोर्टलवर जीएसटीआर-२बी (पुरवठादारांनी दाखवलेल्या बिलांची यादी) येतं, २० तारखेपर्यंत ३बी हे महिन्याचं विवरणपत्र भरायचं असतं. मधले दिवस सगळे ताळमेळात जातात. ग्राहकाची खरेदी टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये, पुरवठादारांनी दाखवलेली बिलं २बीच्या एक्सेलमध्ये. टॅलीत बिल क्रमांक बघायचा, ऑल्ट-टॅब, एक्सेलमध्ये शोधायचा, रक्कम जुळते का बघायला परत ऑल्ट-टॅब. त्यात एखाद्या ग्राहकाचा फोन आला की कुठल्या ओळीवर होतो ते परत पहिल्यापासून शोधा.

माझं मत असं की दोन गोष्टी जुळवण्याचं काम असेल तर दोन्ही एकाच वेळी डोळ्यांसमोर हव्यातच. माझे आजोबा सियागंजात एका पेढीवर मुनीम होते. रोजमेळ डावीकडे आणि खतावणी उजवीकडे उघडी ठेवूनच ते नोंदी उतरवायचे. एक वही मिटून दुसरी उघडायची, ती मिटून परत पहिली, असं त्यांनी कधी केलं नसेल. आपण मात्र दिवसभर तेच करतो.

पण घरात तीन मतं आहेत. नवरा म्हणतो एकच मोठा घे. सासरे म्हणतात हॉलमधला जुना ३२ इंची टीव्ही दुपारभर बंदच असतो, तो जोड. मला २४ इंची दोन असावेत असं वाटतं. ज्यांनी रोज वापरलेत त्यांनी सांगा: दोन की तीन? एक मोठा की दोन मध्यम? मानेला त्रास होतो का? आणि जास्तीच्या जागेत लक्ष भरकटतं का?

---

रामबागकर

दोन. आणि आजच. ३बीच्या आधी.

---

भिया_बोले

वैदेहीताई, सासऱ्यांचा टीव्ही घेऊ नका हो. क्रिकेटची मालिका सुरू झाली की तुमचं २बी आणि त्यांचा सामना एकाच पडद्यावर येईल, आणि कोण जिंकणार ते सगळ्यांना माहीत आहे.

---

जुना_अभियंता

भियांनी गमतीत सांगितलं, तांत्रिक कारणही तेच सांगतं. जुने ३२ इंची टीव्ही बहुतेक १३६६ × ७६८ चे असतात. इंचाला जेमतेम ४९ ठिपके (पिक्सेल) पडतात. २४ इंची फुल एचडी मॉनिटरला ९२ पडतात. दहा फुटांवरून चित्र बघायला ४९ पुरतात, दोन फुटांवरून एक्सेलचे आकडे वाचायला नाही. ३ आणि ८ मधला फरक करताना डोळे दुखतील. शिवाय असे टीव्ही चित्राच्या कडा कापून दाखवतात, म्हणजे विंडोजचा टास्कबार अर्धा बाहेर. हा मोड सेटिंगमधून बंद करता येतो, पण ठिपके वाढत नाहीत.

बाकी एका संगणकाला दोन पडदे हे काही आत्ताचं खूळ नाही. १९८१ च्या आयबीएम पीसीत मजकुराचं एक कार्ड आणि रंगीत चित्रांचं दुसरं कार्ड एकाच वेळी बसायचं, कारण दोन्हींच्या मेमरीचे पत्ते वेगळे होते. १९८३ साली लोटस १-२-३ आलं, त्यात हिशेबाचा तक्ता हिरव्या पडद्यावर आणि त्याचा आलेख शेजारच्या रंगीत पडद्यावर दाखवता यायचा. म्हणजे आकडेमोड करणाऱ्यांना ही सोय तेव्हापासूनच होती. १९८७ च्या मॅकिंटॉश टू मध्ये अनेक पडद्यांचं मिळून एकच मोठं टेबल झालं, आणि विंडोजच्या घरगुती आवृत्त्यांत ते ९८ पासून आलं. ताईंची गरज चाळीस वर्षांपूर्वीच ओळखली गेली होती.

---

एक_खिडकी

थोडा विरोधी सूर लावतो. मी सॉफ्टवेअरमध्ये आहे, सुपर कॉरिडॉरला ऑफिस. आमच्याकडे प्रत्येकाला दोन मॉनिटर मिळतात, मी एक परत केला.

दुसऱ्या मॉनिटरवर लोक खरोखर काय ठेवतात ते फिरून बघा. मेल, चॅट, व्हॉट्सॲप वेब. म्हणजे जी गोष्ट तासाभराने एकदा बघायची ती दिवसभर डोळ्याच्या कोपऱ्यात हलत राहते. मी एकच २७ इंची, २५६० × १४४० चा वापरतो. त्यात ३७ लाख पिक्सेल आहेत, फुल एचडीत २१ लाखांच्या आतबाहेर. पावणेदोन पट जागा झाली, मधे काळी कड नाही, मान वळवायची नाही. डाव्या अर्ध्यात एक खिडकी, उजव्या अर्ध्यात दुसरी. विंडोजचं बटण आणि बाण दाबला की चिकटतात. बाकीचं सगळं वेगळ्या व्हर्च्युअल डेस्कटॉपवर, दिसत नाही म्हणजे सतावत नाही.

आणि "दोन मॉनिटरनी उत्पादकता वाढते" हे वाक्य जिथून सगळीकडे पसरलं त्यातला एक मोठा अभ्यास यूटा विद्यापीठाचा, २००३ चा. त्याला पैसा एनईसी-मित्सुबिशी आणि एटीआय यांचा. एक मॉनिटर विकणारी, दुसरी ग्राफिक्स कार्ड विकणारी. अभ्यास खोटा होता असं मी म्हणत नाही, पण पैसा कुणाचा होता हे माहीत असावं.

---

रामबागकर

@एक_खिडकी, पैसा कुणाचा होता ते सांगितलंत, पण त्यात काम काय दिलं होतं तेही सांगा ना. मजकूर, तक्ते आणि सादरीकरण दुरुस्त करायचं, म्हणजे एकीकडे बघून दुसरीकडे बदल करायचे. वैदेहीताईंचं काम तंतोतंत तेच. तुम्ही दिवसभर एका फाइलमध्ये कोड लिहिता, तुम्हाला एक पुरतो. दोघंही बरोबर आहात, भांडण कशाला?

---

एक_खिडकी

मान्य, जुळवणीच्या कामाला दोन हवेत. माझं म्हणणं एवढंच की दुसऱ्या पडद्यावर काय राहील ते आधी ठरवा, मग विकत घ्या. ठरवलं नाहीत तर ती जागा व्हॉट्सॲप घेणार.

---

हिशेबतपासणीस

मी सीए आहे, तिलक नगरात. मुळात विचारतो, ताळमेळ डोळ्यांनी करायचाच कशाला? टॅली प्राइमच्या नव्या आवृत्तीत २बीची जेसन फाइल आत घेता येते, जुळलेली आणि न जुळलेली बिलं तेच वेगळी काढून देतं. एक्सेलमध्ये करायचं तर जीएसटीआयएन (जीएसटी नोंदणी क्रमांक) आणि बिल क्रमांक जोडून एक खूण तयार करा आणि फॉर्म्युल्याने शोधा. शंभरातली बहुतेक बिलं अशीच निघून जातात.

खरेदीबद्दल: धंद्यासाठी घेताय, तुमची स्वतःची जीएसटी नोंदणी असेल तर बिल जीएसटीआयएन टाकूनच घ्या, १८ टक्क्यांचं इनपुट क्रेडिट मिळेल, म्हणजे तेवढा कर पुढे भरायच्या करातून वजा होईल. ३२ इंचांपर्यंतच्या मॉनिटरवर १ जानेवारी २०१९ पासून १८ टक्केच आहे; त्याहून मोठ्यांवर २८ होता तोही २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ झाला. आयकरात संगणकाबरोबर ४० टक्के घसारा.

---

वैदेही_सुदामानगर

@हिशेबतपासणीस, सर, धन्यवाद. फॉर्म्युला मी लावतेच. अडतं ते त्यानंतर. पुरवठादार पोर्टलवर "०४५/२४-२५" लिहितो, आमच्या ग्राहकाचा मुलगा टॅलीत नुसतं "४५" टाकतो. कुणी क्रमांकात शून्याच्या जागी ओ हे अक्षर टाकतं. एकाच पुरवठादाराची दोन बिलं एकत्र नोंदवलेली असतात. वाहतुकीचे पैसे बिलात धरले की नाही यावरून रक्कम दहा-वीस रुपयांनी हलते. हे न जुळलेलं जे उरतं त्यातच दिवस जातो, आणि तिथे माणसानेच बघावं लागतं. ऑक्टोबर २०२४ पासून पोर्टलवर आयएमएस (इन्व्हॉइस मॅनेजमेंट सिस्टिम) आलं, आता एकेक बिल स्वीकारायचं, नाकारायचं की थांबवायचं हेही बघायचं असतं. म्हणजे टॅली, एक्सेल आणि पोर्टल अशा तीन खिडक्या झाल्या. म्हणून तर तीन मॉनिटरचा विचार मनात आला.

---

हिशेबतपासणीस

हं, उरलेल्या बिलांचं अगदी खरं. आमच्या ऑफिसात मुलं आर्टिकलशिपला, म्हणजे सीएच्या प्रशिक्षणाला येतात, त्यांना आम्ही प्रत्येकी दोन दिलेत आणि त्यातला नियम पक्का आहे. डावीकडे मूळ कागद, म्हणजे पोर्टल, स्कॅन, बँकेचं विवरण. उजवीकडे जिथे आपण टाइप करतो ते. बाजू बदलायची नाही. डोळ्यांना सवय होते, "मूळ कुठे" हे शोधावं लागत नाही. तिसऱ्याची गरज नाही, ताई. लॅपटॉपचा पडदा आहेच, पोर्टल त्यावर ठेवा.

---

शेअरखाते

माझ्याकडे चार आहेत, दोनावर दोन, टेबलाला पकडणाऱ्या हातांच्या स्टँडवर. सकाळी ९:१५ ते ३:३० बाजार. एकावर निर्देशांक, एकावर ज्यात पैसे आहेत त्याचा आलेख, एकावर ऑर्डरची खिडकी, चौथ्यावर बातम्या. माझ्या कामात खिडकी बदलायला लागणारे दोन सेकंदही महाग पडतात, त्यामुळे मला चारही लागतात.

---

पुण्याची_पाहुणी

@शेअरखाते, तुमचा अनुभव तुमच्याजवळ, पण नवीन मुलं असे चार पडद्यांचे फोटो बघून आधी पडदे घेतात, मग खातं उघडतात, म्हणून लिहिते. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने २०२४ मध्ये आकडे दिले, तीन वर्षांत वायदे-ऑप्शन करणाऱ्या किरकोळ लोकांपैकी ९३ टक्के तोट्यात होते. त्यातल्या कितीतरी जणांसमोर चार पडदे असतीलच.

---

शेअरखाते

आकडा बरोबर आहे आणि सांगितलात ते बरं केलंत. मी वायदे करत नाही, पण माझ्याकडे शिकायला येणाऱ्या पोरांना मीही हेच सांगतो: एका लॅपटॉपवर वर्षभर टिकून दाखव, मग टेबल मांड.

---

पत्रिकावाला

आमचं लग्नपत्रिका, आमंत्रणं, मंडळांची स्मरणिका यांचं काम. कोरलड्रॉ आणि देवनागरी. दोन मॉनिटर अनेक वर्षं. मुख्य पडद्यावर फक्त पान. रंगांच्या पट्ट्या, लेअर, फॉन्टची यादी हे सगळं ओढून दुसऱ्यावर टाकतो. पान मोकळं दिसतं, गिऱ्हाईक शेजारी बसलं की त्यालाही समजतं.

एक धोका मात्र सांगतो. दोन वेगळ्या कंपनीचे, वेगळ्या पॅनलचे मॉनिटर शेजारी ठेवले की तोच कुंकवाचा लाल एकावर केशरी आणि दुसऱ्यावर जांभळट दिसतो. गिऱ्हाईक विचारतं, "यातला खरा कुठला?" म्हणून रंग फक्त एका पडद्यावर मंजूर करून घ्यायचा, आणि तो आयपीएस पॅनलचा असावा, त्यात बाजूनेही रंग तसाच दिसतो. जुने टीएन पॅनल बाजूने बघितले की रंग उतरतो. उभे केले तर फारच. हिशेबाला हा प्रश्न नाही, तरी दोन सारखे घेतले तर डोळ्यांना बरं. उजेड मात्र दोन्हींचा सारखा करून घ्या, मी तर दोन्हींवर पांढरी पानं उघडून मेनूतून ब्राइटनेस जुळवतो.

---

सई_राजेंद्रनगर

प्रश्न थोडा वेगळा आहे पण इथेच विचारते. माझ्याकडे एम१ मॅकबुक एअर आहे. हब घेतला, त्याला दोन एचडीएमआय आहेत. दोन मॉनिटर लावले तर दोन्हींवर तेच चित्र येतं. हब परत करू का? दुकानदार म्हणतो मॉनिटर बदला.

---

जुना_अभियंता

मॉनिटर बदलू नका, ते ठीक आहेत. एम१ आणि एम२ च्या एअरला बाहेरचा एकच पडदा चालतो, ते चिपमध्येच ठरलेलं आहे. एम३ मध्ये झाकण बंद ठेवलं तर दोन, एम४ मध्ये झाकण उघडं ठेवूनही दोन. आणि एका केबलमधून दोन वेगळी चित्रं काढणारी डिस्प्लेपोर्टची जी सोय आहे, एमएसटी, ती मॅकओएस वाढीव पडद्यांसाठी वापरत नाही. म्हणून साध्या हबवर दोन्हींकडे एकच चित्र जातं. विंडोजवर तोच हब दोन वेगळी दाखवू शकेल.

नेहमीचा उपाय म्हणजे डिस्प्लेलिंक चिप असलेला डॉक, म्हणजे मोठा हबच. तो चित्र यूएसबीतून डेटासारखं पाठवतो, त्याचं सॉफ्टवेअर टाकावं लागतं. लिहिण्या-वाचण्याच्या कामाला उत्तम, व्हिडिओ संपादनाला नाही. डॉकच्या खोक्यावर डिस्प्लेलिंक असं स्पष्ट लिहिलेलं बघूनच घ्या.

इतरांसाठीही: टाइप-सी दिसलं म्हणजे त्यातून चित्र निघेलच असं नाही. काही लॅपटॉपमध्ये ते भोक फक्त चार्जिंग आणि डेटाचं असतं. भोकाजवळ डिस्प्लेपोर्टची किंवा थंडरबोल्टची खूण आहे का बघा, नाहीतर मॉडेलची माहिती वाचा. डेस्कटॉपवाल्यांनी वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर केबल कार्डालाच लावायची, मदरबोर्डच्या भोकाला नाही.

---

सई_राजेंद्रनगर

काका, खूप खूप धन्यवाद! हबची परतीची मुदत अजून आहे. परत करते.

---

मोडीवाचक

धागा आवडला म्हणून जरा सविस्तर लिहितो. मी निवृत्त शिक्षक. इकडच्या अनेक मराठी घरांत होळकरशाहीच्या काळातले कागद ट्रंकेत पडून आहेत: जमिनीच्या सनदा, पावत्या, सासर-माहेरची पत्रं. घरच्यांना ते वाचता येत नाहीत, कारण लिपी मोडी. ते देवनागरीत उतरवून द्यायचं काम मी करतो.

मोडीत आधी पानभर शिरोरेघ ओढलेली असते आणि तिला अक्षरं लटकवलेली. लेखणी शक्यतो उचलायची नाही, त्यामुळे अक्षराला अक्षर जोडलेलं. शब्द सुटे नसतात, विरामचिन्हं नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नसतो. अशा ओळीवरून नजर एकदा हटली की परत त्याच जागी पोहोचणं अवघड. मी पूर्वी एका पडद्यावर खिडक्या बदलून काम करायचो तेव्हा प्रत्येक बदलाला ओळ नव्याने शोधावी लागे, आणि सारखाच मजकूर दोनदा असलेल्या कागदात एक अख्खी ओळ सुटायची शक्यता असे. सनदेत ओळ सुटली तर शेत सुटतं.

आता डावीकडे २४ इंची मॉनिटर उभा फिरवून लावलाय. जुना कागद लांबट असतो, तो त्यात पुरा मावतो. मी काय करतो, स्कॅनची खिडकी वरून-खालून इतकी अरुंद करतो की त्यात दोनच ओळी दिसाव्यात, एक चालू आणि एक पुढची. ती झाली की चाक एक खाच फिरवायचं. उजव्या आडव्या मॉनिटरवर टायपिंग. न लागलेल्या अक्षरापुढे प्रश्नचिन्ह टाकून पुढे जातो. तीच लकब पुढे कुठेतरी स्पष्ट सापडते, तेव्हा दोन ठिकाणं शेजारी लावून बघता येतात. हे एका पडद्यावर जमतच नाही असं नाही, पण माझ्या वयाला तरी नाही.

मानेबद्दल वैदेहीताईंनी विचारलंय. मला प्रोग्रेसिव्ह चष्मा आहे, वाचायची काच खाली. सगळीकडे सांगतात मॉनिटरची वरची कड डोळ्यांच्या रेषेत ठेवा. तसं ठेवलं तर आम्हाला हनुवटी वर करून वाचावं लागतं आणि संध्याकाळी मान धरते. बायफोकल किंवा प्रोग्रेसिव्हवाल्यांनी मॉनिटर त्याहून चांगला खाली घ्यावा आणि वरची बाजू किंचित मागे झुकवावी. सासऱ्यांनाही वापरायचा असेल तर उंची कमी-जास्त होणारा स्टँड घ्या.

---

रामबागकर

मोडीवाचक सर, हा प्रतिसाद वेगळा धागा म्हणून हवा. वाचनखूण साठवली.

---

डॉ_क्षकिरण

आमच्या एक्स-रे, स्कॅन वाचायच्या क्षेत्रात एका पडद्यावर काम करणारा सहसा सापडणार नाही. एकावर रुग्णांची यादी आणि अहवाल, शेजारी जास्त रिझोल्यूशनचे दोन जुळे मॉनिटर: एकावर आजची छाती, दुसऱ्यावर सहा महिन्यांपूर्वीची. मॅमोग्राफीला (स्तनांच्या एक्स-रेला) ५ मेगापिक्सेलचे लागतात. डाग वाढला का हा प्रश्न दोन चित्रं शेजारी असल्याशिवाय सुटत नाही.

डोळ्यांबद्दल: पडदा किमान हातभर लांब. दर २० मिनिटांनी २० फूट दूर २० सेकंद बघा. पडद्यापुढे पापण्या कमी लवतात, डोळे कोरडे पडतात, मुद्दाम मिटा. आणि मॉनिटरच्या मागे उघडी खिडकी नको, आपल्या पाठीमागेही नको. बाजूला असावी.

---

भिया_बोले

डॉक्टरसाहेब, आमच्या घरी खिडकी ज्या बाजूला आहे त्या बाजूला कूलर आहे. इंदूरचा मे महिना बघता कूलर हलणार नाही, टेबलच फिरवतो!

---

मालवा_मेल

कूलरवरून आठवलं, विजेचा हिशेब कुणी सांगितला नाही. पावसाळ्यात आमच्याकडे वीज कडाडली की लाइट जाते. जुन्या १७ इंची काचेच्या मॉनिटरला ७५ ते १०० वॅट लागायचे, म्हणून लोकांच्या मनात अजून "मॉनिटर म्हणजे यूपीएस बसणार" हेच आहे. आताचा २४ इंची एलईडी साधारण २० वॅट घेतो. दोन म्हणजे ४०, लॅपटॉपचा चार्जर ६५ धरला तरी शंभराच्या वर थोडंच. ६०० व्हीएचा साधा यूपीएस सुमारे ३६० वॅटचा, आरामात चालतो. पोर्टलवर फॉर्म भरताना मॉनिटर विझला तरी लॅपटॉप चालूच राहतो, पण राउटरही यूपीएसवर घ्या, नाहीतर ओटीपी यायच्या वेळेला इंटरनेट जातं.

खरेदीला सिल्व्हर मॉलला चक्कर टाका, आरएनटी मार्गावर. ऑनलाइन पाचशे रुपये कमी दिसेल, पण तिथे चालू करून बघता येतो. पूर्ण पांढरं आणि पूर्ण काळं चित्र लावायला सांगा, मेलेला ठिपका लगेच दिसतो. कंपन्यांतून निघालेले वापरलेले मॉनिटरही मिळतात, स्टँड भक्कम असतो, मात्र एचडीएमआय आहे की फक्त जुनं निळं व्हीजीए ते बघा. नव्या लॅपटॉपला व्हीजीए नसतं.

---

पुण्याची_पाहुणी

इंदुरात मॉनिटर घ्यायला जायचं आणि पोहे-जिलबी न खाता परतायचं हे तुम्हाला जमतं?

---

भिया_बोले

पाहुणीताई, आधी छप्पन दुकान या खाऊगल्लीत पोहे, वर जिरावन मसाला आणि सेव, मग सिल्व्हर मॉल. उपाशीपोटी भाव करता येत नाही.

---

जुना_अभियंता

पोह्यांवर स्वतंत्र धागा आहे, तिकडे या. :)

वैदेहीताई, टेबलाचं माप. २४ इंची मॉनिटर साधारण ५४ सेंटिमीटर रुंद, दोन म्हणजे १०८. तुमचं ४ फुटी टेबल १२२ सेंटिमीटर. दोन बसतात, थोडे आत वळवूनही बसतात. २७ इंची ६१ चा, दोन लावले की टेबल काठोकाठ भरलं, फाइल ठेवायला जागा उरली नाही. शिवाय २७ इंचात फुल एचडी घेतला तर जागा वाढत नाही, अक्षरं फक्त मोठी होतात; इंचाला ८२ ठिपके. २७ घ्यायचा तर १४४० चाच.

दोन्ही सारखेच वापरणार असाल तर दोघांची जोडकड बरोबर नाकासमोर. एक जास्त वापरणार असाल तर तो नाकासमोर आणि दुसरा बाजूला, तिरपा. दिवसभर एकाच बाजूला मान वळवून बसणं हेच मान दुखण्याचं मूळ.

---

एक_खिडकी

मी विरोधी पक्षात असलो तरी काही कामाच्या गोष्टी देतो.

सेटिंगमध्ये डिस्प्लेमध्ये गेलात की १ आणि २ असे चौकोन दिसतात. ते ओढून टेबलावर जसे आहेत तसेच लावा, उंचीसकट. लॅपटॉप खाली असेल तर त्याचा चौकोनही खाली सरकवा. नाहीतर माउस कडेला अडकतो आणि वाटतं काहीतरी बिघडलं.

विंडोज + शिफ्ट + डावा किंवा उजवा बाण: चालू खिडकी उडी मारून दुसऱ्या मॉनिटरवर. माउसने ओढत बसू नका. विंडोज + पी: फक्त एक, तोच दोन्हींवर, की वाढवलेला, हे निवडायला. ग्राहकासमोर दाखवताना लागेल. माउसचा बाण हरवला तर माउसच्या जादा पर्यायांत "कंट्रोल दाबल्यावर जागा दाखव" ही खूण करून ठेवा.

मायक्रोसॉफ्टचं पॉवरटॉइज फुकट आहे. त्यातल्या फॅन्सीझोन्सने एका मोठ्या पडद्याचे हवे तसे कप्पे करता येतात. हे लावल्यावर तरी एक मोठा घ्याल असं अजून वाटतंय मला.

---

वैदेही_सुदामानगर

सगळ्यांचे मनापासून आभार. काल घरात बसून ठरवलं.

२४ इंची, आयपीएस, उंची बदलणारे, दोन सारखे. तिसरा नाही, पोर्टल लॅपटॉपवर. हिशेबतपासणीस सरांचा डावीकडे मूळ, उजवीकडे आपलं काम हा नियम तसाच उचलणार आहे. @एक_खिडकी, तुमचं म्हणणं मला पटलं ते लक्षाबद्दल. व्हॉट्सॲप वेब संगणकावरून काढलंच, ग्राहकांना मेलवर कागद पाठवायला सांगितलंय. एक मोठा न घ्यायचं कारण टॅली. ती मी पूर्ण पडद्यावरच वापरते, अर्ध्या खिडकीत मला सगळे रकाने दिसत नाहीत.

मोडीवाचक सर, तुमची दोन ओळींची युक्ती मी एक्सेलला लावून बघितली. वरच्या शीर्षकाची ओळ गोठवून खिडकी लहान केली की चार-पाचच बिलं समोर राहतात. नजर सरकत नाही. लॅपटॉपवरसुद्धा फरक पडला.

सासऱ्यांना जुना_अभियंता काकांचा ४९ ठिपक्यांचा हिशेब वाचून दाखवला. त्यांनी टीव्ही परत मागितला आणि मॉनिटरसाठी निम्मे पैसे देऊ केले.

---

भिया_बोले

सासरे असावेत तर असे!

---

शेअरखाते

ताई, पुढे कधी स्टँडऐवजी टेबलाला पकडणारे हात घ्यावेसे वाटले तर आत्ताच मॉनिटरच्या मागे १०० × १०० मिलिमीटरवर चार भोकं आहेत का बघून घ्या. काही स्वस्त मॉडेलना ती नसतात किंवा ७५ × ७५ असतात. बहुतेक हातांना दोन्ही चालतात, भोकंच नसली तर काही चालत नाही.

---

पत्रिकावाला

आणि टेबलाला काच असेल तर पकड लावू नका. दाब एका जागी येतो. पातळ प्लाय असेल तर खालून जाड फळी लावून मग आवळा.

---

रामबागकर

@मोडीवाचक, विषय थोडा बाजूला जातोय, पण आमच्याकडे पणजोबांच्या नावचे काही कागद आहेत, बहुतेक मोडीच असावेत. तुम्ही बघाल का? फोटो पाठवले तर चालतील?

---

मोडीवाचक

जरूर बघतो. शक्य असेल तर सपाट स्कॅनरवर, ३०० डीपीआय, रंगीत. कृष्णधवल केलं की फिकी शाई आणि कागदाचे डाग एकसारखे दिसतात. घडीवर कागद फाटत असेल तर स्कॅनरवर दाबू नका, फोटोच काढा: दिवसा, फ्लॅश बंद, फोन कागदाच्या बरोबर वर धरून. शिक्के आणि मागची कोरी वाटणारी बाजूसुद्धा पाठवा, पुष्कळदा तारीख तिथेच असते. आणि पानांना क्रमांक द्यायचे तर कागदावर नको, फाइलच्या नावात द्या.